चव न घेता

झाकणाला एक कडी असते. ती ओढली की पत्रा सोलल्यासारखा निघून येतो.

तीन दगड मांडले की कुठेही चूल होते. घरातली चूल बाटत नाही.

सुनील फोन नेहमी उजव्या कानाला लावतो.

चिंच. सगळ्या चिंचच सांगतात.

मेयोनीज म्हणजे अंडं. हे चांगुणाला कळलं तोवर बोट तोंडात गेलेलं होतं.

दवाखान्यातल्या वजनकाट्यावर दिशा चपला काढून उभी राहिली. मग म्हणाली, "घालून उभी राहू का?"

*

त्या दिवसांत चांगुणा एका जागी बसतच नव्हती. ओट्यावर गेली की घरात काहीतरी राहिल्यासारखं वाटायचं आणि घरात आली की परसात. सुपात नाचणी घेऊन पाखडायला बसायची, दोन झटके मारायची, की सूप तसंच टाकून उठायची. अंड्यावर आलेली कोंबडी जागा शोधत फिरते तशी ती राजूरच्या त्या घरात आतबाहेर करत होती. तिचा नवरा मच्छिंद्र ओट्यावरून हे बघायचा.

"सुनीलची आई, पोटुशी सून हाय का तू हायेस?"

"सून खात न्हाई."

"खाईल."

"कवा?"

मच्छिंद्रने पानाचा डबा उघडला.

दिशा, म्हणजे सून. पुण्यात एका कंपनीत बसून काम करणारी. तिचा नवरा सुनील चाकणला कारखान्यात, आज दिवसपाळी तर उद्या रातपाळी. पाचवा महिना लागला तरी तिच्या उलट्या थांबेनात, डॉक्टरांनी आराम सांगितला, आणि रिकाम्या फ्लॅटमध्ये आराम तरी काय करणार, म्हणून सुनीलने तिला आईबापाकडे आणून सोडलं. हवा चांगली आहे, दूध आहे, आई आहे. एवढं सांगून तो परत गेला.

हवा तिने घेतली. दूध उलटलं.

तालुक्याच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, बाळाची वाढ मागे आहे. पुढच्या खेपेपर्यंत हिच्या पोटात काही टिकलं नाही तर भरती करून घेऊ. त्या हे शांतपणे म्हणाल्या, कागदावर लिहीत. चांगुणाला त्यांनी ओरडून सांगितलं असतं तर बरं वाटलं असतं.

*

नाचणीची भाकरी. नको, आई. तांदळाची? नको, आई. कुळथाचं कढण, वरून लसणाची फोडणी, तिचा वास आल्याबरोबर दिशा तोंडाला ओढणी लावून परसात. वरईचा भात. मऊ भात, लिंबाचं लोणचं. एक घास, दुसरा घास, परस. उकडलेल्या शेंगा. राजूरचा पेढा, निम्मा, तोही सासऱ्यांनी हातावर ठेवला म्हणून. कवठ. आवळा. थालीपीठ, ज्यावर सुनील लहानपणी जीव टाकायचा. "छान झालंय, आई," असं म्हणून तिने ते ताटात इकडून तिकडे सरकवलं आणि मांजराकडे बघितलं. मांजरानेही बघितलं.

चांगुणाच्या हाताला चव आहे, असं आख्खी आळी म्हणते. लग्नकार्यात आमटीला मीठ घालायला तिलाच बोलावतात. आणि गंमत अशी की तिने या घरात आल्यापासून स्वयंपाक करताना चव म्हणून कधी घेतलीच नाही. घर माळकऱ्याचं. रांधलेलं सगळं आधी विठोबाला, मग माणसांना. देवाआधी जिभेला लावलं तर ते उष्टं. म्हणून मीठ बोटांनी ओळखायचं, तिखट नाकाने, आणि शिजलं की नाही ते आवाजावरून. नवी होती तेव्हा चुकायचं. मग बोटं शहाणी झाली. मच्छिंद्र पाहुण्यांना सांगायचा, आमच्याकडं मीठ मागायचं न्हाई अन् पानी मागायचं न्हाई, दोन्ही आधीच बरोबर असतंय.

तर असल्या हातचं सुनेला नको होतं. चांगुणाला राग आला असता तर ती एका जागी बसली तरी असती. राग येत नव्हता. भीती येत होती, आणि भीती माणसाला बसू देत नाही.

*

डोहाळा विचारायची या घरात एक रीत होती. येताजाता विचारायचा नाही. सांजेला दिवा लागल्यावर पोटुशीला पाटावर बसवायचं, कुंकू लावायचं आणि सासूने विचारायचं. एकदाच. विचारलं की बाईने खरं सांगायचं, सांगितलं की घराने पुरवायचं. नाही पुरवलं तर बाळाचा कान फुटतो. हे डॉक्टरीणबाईंना माहीत नसलं तरी चालतं.

सुनीलच्या वेळेला चांगुणा याच पाटावर बसली होती. तिने चिंच सांगितली. सासूने चिंच आणली, चांगुणाने दात आंबेस्तोवर खाल्ली, बाया हसल्या, झालं. हवं होतं भलतंच. तिचं माहेर शेंडीच्या पलीकडे, धरणाच्या पाण्याला लागून. तिथे मासा म्हणजे सण नव्हता, रोजचं कालवण होतं. आणि पाटावर बसल्या बसल्या तिच्या तोंडाला जे पाणी सुटलं होतं ते निखाऱ्यावर भाजलेल्या सुक्या बोंबलाने. ते कुणाला सांगणार? गळ्यात माळ होती. लग्नात अक्षता पडल्या आणि दुसऱ्या दिवशी माळ पडली. सासूने विचारलं नव्हतं, घातली होती.

सुनील वर्षाचा व्हायच्या आत त्याचा डावा कान वाहायला लागला. वाहता वाहता गेला.

चांगुणाने हे कुणाला सांगितलं नाही. सांगून कान परत येत नाही.

*

"काय खावं वाटतंय ते सांग. खरं सांग."

"काहीच नाही, आई."

"पाटावर बसून काही न्हाई म्हनायचं नसतं."

दिशाने कपाळावरचं कुंकू नाकावर सांडलं होतं ते पुसलं. "तुम्ही हसाल."

"हसले तर हसले. तू सांग."

"ट्युना सॅलड."

चांगुणा हसली नाही. तिला ते कशाशी खातात हेच ठाऊक नव्हतं.

दिशा बोलायला लागली आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा भरभर बोलली. पहिली नोकरी लागली तेव्हा एकटी राहायची. ऑफिसच्या खाली एक छोटं हॉटेल होतं, तिथे ते मिळायचं. साहेब ओरडला की ते. ताप येऊन गेला की ते. सुनीलशी भांडण झालं की ते, मग डबा उघडून घरीच करायला लागली. "तुम्हाला कसं आजारी पडल्यावर मऊ भात हवा असतो ना, आई, तसं. गार असतं. वाफ येत नाही. मला सगळ्या अन्नाची वाफ नकोशी झालीये. पण कांदा चिरायला घेतला तरी मळमळतं, म्हणून माझं मलाही करता येत नाही."

"त्यात असतंय काय?"

दिशाने मोबाईलवर फोटो दाखवला. हिरवा पाला, काकडीच्या चकत्या, मध्ये काहीतरी करड्या रंगाचं, कापूस पिंजून ठेवावा तसं.

"हे काय हाय?"

"मासा आहे, आई."

ओट्यावर मच्छिंद्र सुपारी कातरत होता. अडकित्त्याचा आवाज थांबला.

*

"या घरात?"

"घरात न्हाई. गोठ्यात."

"माझ्या बापाच्या बापापासनं—"

"ठाऊक हाय."

"तू इचारलंसच कशाला?"

"इचारायचंच असतं."

"मग तिनं चिंच सांगायची का न्हाई? सगळ्या चिंच सांगत्यात. तू न्हाई सांगितलीस?"

चांगुणा उठली, घरात गेली, घरात काही काम नव्हतं, परत आली.

"सांगितली," ती म्हणाली. "म्हनूनच."

मच्छिंद्रला त्यातलं काही कळलं नाही. तो वाईट माणूस नव्हता. त्याला एवढंच वाटत होतं की देवाचं आणि माशाचं एका छपराखाली भागत नाही, आणि गोठ्याचं छप्पर घराच्या छपराला लागून आहे.

फोनवर सुनील म्हणाला, "आई, मी ऑनलाइन मागवतो, येईल आठ-धा दिवसांत राजूरला."

"पाटावर इचारलंय मी."

"म्हणजे काय?"

"म्हंजे आठ-धा दिस न्हाईत."

"अगं, पण तिने मला नाही सांगितलं कधी—"

"तू पाटावर बसवलं हुतंस का?"

*

बाजारच्या दिवशी सुक्या मासळीच्या ओळीत बनुबाई बसते. ही चांगुणाच्या माहेरची, एका पाणवठ्यावरची. इतकी वर्षं चांगुणा त्या ओळीच्या वाऱ्याला थांबली नव्हती. लांबून हात करायची, बनुबाई लांबून हसायची.

"अगं बया. माळकरीण माझ्या पालात. देव कुटं ठिवून आलीस?"

"घरी. वाट बघतोय. तुझ्याकडं ट्युना हाय का?"

"ह्यो कुनाचा पोरगा?"

"मासा हाय. डब्यातला."

"डब्यात मासा कोन ठेवतं, चांगुणे? पळून जातोय का त्यो?" बनुबाईने बोंबलाची जुडी उचलली. "ह्यो ने. सुकट ने. खारा बांगडा हाय, त्याला भाजलं तर तुझा इट्टल पन खिडकीतनं बघंल."

वाऱ्यावर वास होताच. तो नाकात नाही, थेट गळ्याच्या मागे जाऊन बसला. चांगुणाने पदर लावला नाही. लावला असता तर बनुबाई हसली असती. एवढंच कारण होतं, असं तिने स्वतःला सांगितलं.

"सुनेला पायजे. पोटुशी हाय. तिला तेच पायजे, गार, कापसासारखं."

बनुबाईचं हसणं जरा उतरलं. पोटुशीचं म्हटल्यावर तिनेही जुडी खाली ठेवली. "माझा अजिनाथ शेंडीला हाय ना, धरनावरच्या रिसॉर्टात. भांडारात. ममईची मानसं येत्यात, तसलं काय काय खात्यात. त्याला इचार. म्हनावं, आईनं धाडलंय." आणि चांगुणा वळल्यावर मागून, "चांगुणे, तुला काय बांधू?"

"मला कशाला?"

"तेच इचारतेय."

चांगुणा जीपकडे गेली. जीप भरायची होती. ती बसली, उतरली, पुन्हा बसली.

*

अजिनाथने दोन डबे दिले. मुंबईचं एक टोळकं मागे सोडून गेलं होतं, कुणी खात नव्हतं, भांडारात पडून होते. निळा कागद, त्यावर एक मासा, तोंडावर भाव असा की जणू तो स्वतःहून आत शिरला.

"कालवन कसं करायचं ह्याचं?"

"कालवन न्हाई, आक्का. उघडायचा, पानी पिळायचं, कांदा, काकडी, लिंबू. अन् हे." त्याने पांढऱ्या मलमासारख्या पुड्या तिच्या पिशवीत टाकल्या.

"शिजवायचा न्हाई?"

"शिजवूनच भरत्यात."

"कोन शिजवतं?"

"कंपनी."

कुणाच्या हातचं, कुठल्या चुलीवरचं, कधी शिजवलेलं, काही ठाऊक नाही, आणि पोटुशी बाईला गारच्या गार द्यायचं. चांगुणाने मान डोलावली. परतीच्या जीपमध्ये पिशवी मांडीवर, पिशवीत डबे, डब्यांवर दोन्ही हात. शेजारची बाई म्हणाली, "परसाद हाय का?" चांगुणा म्हणाली, "तसंच समज."

*

गोठा. तीन दगड. एक जर्मनचं पातेलं, जे पुन्हा घरात येणार नव्हतं. म्हैस बांधलेली, ती मान वळवून बघतेय.

कडी ओढली. झाकण निघालं. आत पाणी, पाण्यात ते.

चांगुणाने पाणी पिळलं नाही. अन्नाचं पाणी टाकतात का कुठे. कांदा बारीक. काकडी कोचून. कोथिंबीर. हिरवी मिरची, एकच, पोटुशी आहे. लिंबू. आणि अजिनाथ काहीही म्हणाला तरी कच्चं ते कच्चं, म्हणून दगडांमध्ये काटक्या सारून फोडणी. जिरं, लसूण, दोन पानं कढीपत्ता. ती सगळ्यावर ओतली, चर्र झालं. मग मीठ. बोटं मिठाच्या भांड्यात गेली आणि तेवढ्या कालवणाला लागतं तेवढं घेऊन आली. बोटांना विचारावं लागत नाही. वर एक झाकण, आणि गार होऊ दिलं, कारण गार हवं होतं.

पांढऱ्या पुड्या तशाच राहिल्या. ते खायचं आहे की लावायचं, यावर तिचा निकाल लागला नव्हता.

दिशा आली. गोठ्याच्या उंबऱ्याशी पोतं अंथरून बसली. वाटीत बघितलं. फोटोतल्यासारखं काहीच नव्हतं, हे तिच्या तोंडावर दिसलं, आणि ते दिसू नये म्हणून तिने केलेली धडपडही दिसली. घास घेतला. घास गालात ठेवला. डोळ्यांत पाणी आलं. मग ती उठली आणि म्हशीच्या मागे गेली.

परत आली तेव्हा तोंड धुतलेलं होतं. "सॉरी, आई. तुम्ही एवढ्या लांब जाऊन..."

"मिरची लागली?"

"नाही."

"मग फोडनी?"

"खारट आहे, आई. खूप."

चांगुणाला वाटलं दुसऱ्याच कुणाला सांगतेय. तिने मागे बघितलं. मागे म्हैस.

ओट्यावरून मच्छिंद्रचा आवाज आला. तो तिकडे तोंड करून बसला होता, पण कान इकडेच होते. "काय म्हनली?"

"खारट म्हनली."

अडकित्ता खाली ठेवल्याचा आवाज झाला. मग, "तुझ्या हातचं?"

*

मिठाच्या पाण्यात भरलेला असतो मासा. ते दिशाने सांगितलं, हळूच, डब्यावरची बारीक अक्षरं वाचून. चांगुणा पातेल्याकडे बघत होती. बोटं शहाणी झाल्यापासून तिच्या हातून जे कधी झालं नव्हतं ते झालं होतं, आणि नेमकं आज, नेमकं हिच्या पोटात काही राहावं म्हणून केलेल्यात.

"चव घेतली नव्हतीत का?" दिशाने विचारलं. टोमणा नव्हता. तिला खरंच माहीत नव्हतं. दोन वर्षांत ती या घरी सणापुरती येऊन गेली होती, ताटावर बसली होती. ताट कसं तयार होतं हे बघायला कोण बसतं.

"आमी घेत न्हाई. देवाच्या आधी."

"पण हे देवाला कुठे दाखवायचंय?"

चांगुणाने पातेलं स्वतःकडे ओढलं.

खरंच की. यात देवाचा वाटाच नाही. म्हणजे हे देवाचं उष्टं नाही, माणसाचं उष्टं नाही, हे कशाच्याच आधी नाही आणि कशाच्याच नंतर नाही. अशा अन्नाची चव घ्यायला कोण अडवतं? माळ अडवते. चवीचं कारण गेलं, माशाचं राहिलं.

"तू बघ चाखून. मी कालवते, तू सांग."

"मला धड कळत नाही, आई. जिभेला सगळं लोखंडासारखं लागतं. खारट तेवढं कळलं." दिशा पोत्यावर टेकली. तिचं मनगट वाटीवर होतं, आणि मनगटातली बांगडी कोपरापर्यंत मागे गेली होती. ती बांगडी चांगुणाने लग्नात भरली तेव्हा साबण लावावा लागला होता.

चांगुणाने दुसरा डबा घेतला.

या वेळी पाणी पिळलं. कांदा पाण्यातून काढला. फोडणी नाही. दिशा सांगत गेली, ती करत गेली. पुड्या फोडून ते पांढरं घातलं, मिरपूड घातली, हाताने कालवलं. मीठ नाही. आणि मग बोट. उजव्या हाताचं, दुसरं, ज्याने सून पाटावर बसली तेव्हा कुंकू लावलं होतं.

तिने ओट्याकडे बघितलं नाही.

जिभेवर ठेवलं आणि वाट बघितली. तिला वाटलं होतं माहेर येईल. धरणाचं पाणी येईल, धूर येईल, आईने पानावर वाढलेलं शेपूट येईल, आणि इतक्या वर्षांचं सगळं एकदम अंगावर कोसळेल, आणि मग आपण काय करू? याच एका भीतीने ती बनुबाईच्या वाऱ्याला थांबली नव्हती.

काहीच आलं नाही.

कापूस होता. गार, ओला, जरासा आंबट कापूस. माशाने मासा असण्याचं सोडून दिलं होतं.

"हे?" ती म्हणाली. "ह्याच्यासाठी?"

"कसं झालंय?"

"काय ठाऊक. लागंनाच काही." तिने दुसरं बोट घेतलं. लिंबू कमी होतं. लिंबू पिळलं, पुन्हा चाखलं. आता मिरपूड. मिरपूड घालून चाखलं. काहीतरी होतं, कांद्याच्या मागे, अगदी शेवटी, जीभ टाळ्याला लागली की. ते पकडायला पुन्हा. काकडी पुढेपुढे करते, काकडी बाजूला सारून नुसता मासा. मग काकडीसकट. आयुष्यभर न घेतलेल्या चवी एकदम वसूल करायला बसल्यासारखी चांगुणा उकिडवी बसून चव घेत होती, आणि पातेल्याचा तळ एका बाजूने दिसायला लागला होता.

"आई," दिशा म्हणाली. "मला ठेवा."

चांगुणाचं बोट तोंडातच राहिलं.

दिशा हसली. आधी नाकातून, मग पोट धरून, पोट धरावंच लागलं. "अहो, डोहाळे कुणाचेत?" हसता हसताच ती पुढे सरकली, वाटी-चमचा न घेता पातेल्यात हात घातला आणि एक घास उचलला. सासू पुन्हा हात घालेल की काय अशा घाईने दुसरा उचलला. शाळेतली पोरं डब्यावर तुटून पडतात तसं. चांगुणा तिच्या गळ्याकडे बघत राहिली. घास खाली गेला. थांबला. खालीच राहिला.

"गार आहे," दिशा म्हणाली, तोंड भरलेलं ठेवूनच. "छान गार आहे."

गोठ्याच्या दाराशी मच्छिंद्र उभा होता. किती वेळ, कोण जाणे. त्याने बायकोचं बोट बघितलं, बोटाला लागलेलं पांढरं बघितलं, मग तिच्या गळ्याकडे. माळ गळ्यातच होती.

"ते पांढरं काय हाय?" त्याला दुसरं काही विचारता आलं नाही.

"मेयोनीज," दिशाने सांगितलं. "अंड्याचं असतं, आबा."

मच्छिंद्रने डोळे मिटले, उघडले, आणि घराकडे चालायला लागला.

*

त्या सांजेला नैवेद्य त्याने केला. चांगुणाच्या हाताला मासळी लागली होती, आणि देव काही उपाशी राहू शकत नाही. चुलीशी तो कधी बसला नव्हता. वरण-भात, एवढंच. भात करपला, वरणात मीठ नव्हतं. देवाने काही म्हटलं नाही. पानांवर बसल्यावर माणसांनीही म्हटलं नाही. दिशाने दोन घास खाल्ले, आणि तेही राहिले.

"माळंचं काय करनार?" मच्छिंद्र ताटाकडे बघून म्हणाला.

"काय करू?"

"काढून देवापुढं ठिव. महाराजांना इचारू."

"आन् उद्या तिला परत पायजे झालं तर?"

"एकदा पुरवला की झालं ना डोहाळा?"

"तिचा झाला," चांगुणा म्हणाली, आणि ताट उचलून निघून गेली. बाहेर काम नव्हतं. ती परसात उभी राहिली, गोठ्यात गेली, घासलेलं पातेलं पुन्हा घासलं. जीभ टाळ्याला लावून बघितली. ते शेवटचं काहीतरी अजून तिथेच होतं, आणि ते पुरत नव्हतं. ते धड नव्हतंच. त्याने फक्त जुनी भूक खोदून ठेवली होती.

सुनीलचा फोन आला. "खाल्लं का तिने?"

"खाल्लं."

"राहिलं?"

"ऱ्हायलं."

"आणि आबा?"

"त्यांनी सैपाक केला."

पलीकडे इतकी शांतता झाली की तिला वाटलं त्याने फोन दुसऱ्या कानाला लावला.

पुढच्या बाजारच्या दिवशी दिशा तिच्याबरोबर होती, ओढणी तोंडाला, पण चालत होती. मधल्या खेपेला डॉक्टरीणबाईंनी भरतीचं काही काढलं नव्हतं. बनुबाईच्या पालाशी चांगुणा थांबली. माळ गळ्यात होती. ती काढायची की ठेवायची यावर घरात अजून कुणी बोललं नव्हतं, आणि मच्छिंद्र रोज सकाळी बोलायला तोंड उघडून पान घालत होता.

"ट्युना संपला का?" बनुबाई म्हणाली.

"संपला."

"मग?"

चांगुणाने इकडे बघितलं, तिकडे बघितलं. वाकली आणि जुडीतला एकच बोंबील ओढून काढला.

"भाजायचा कसा, इसरले," ती म्हणाली.

"मला शिकवा," दिशा म्हणाली, "पण लांबून."

सुनीलचं लग्न ठरताना दिशाच्या आईने चांगुणाला एका बाजूला घेऊन विचारलं होतं, आमची मुलगी मासे खाते, चालेल ना, आणि चांगुणाने, घरात कुणाला न विचारता, चालतं म्हणून सांगितलं होतं.